लागलं का, एवढंच विचारायचीस

अव्वा,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी आयुष्यात तुला एकही पत्र लिहिलं नाही. वसतिगृहातून, शिबिरांतून, परदेशातून घरी आलेली माझी सगळी पत्रं अप्पांच्या नावानं असायची आणि शेवटच्या ओळीत कुठंतरी 'अव्वाला नमस्कार' असायचा. अप्पा ती पत्रं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि तू आत चुलीपुढं बसून ऐकायचीस. धाकटा भाऊ सांगायचा की नमस्काराची ओळ आली की भाकरी थापल्याचा आवाज थांबायचा आणि मग थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा. काल धाराशिवच्या मैदानावर शाळेच्या मुलींच्या स्पर्धा होत्या. अशा ठिकाणी मला अजून पाहुणी म्हणून बोलावतात, खुर्ची देतात, शाल देतात. शेजारी बसलेल्या खेळाच्या तरुण बाईंनी विचारलं, "मॅडम, त्या काळात घरच्यांनी तुम्हांला सोडलं कसं?" मी नेहमीचं उत्तर दिलं. वडील चळवळीतले होते, विचारानं पुढारलेले होते. ते खोटं नाही. पण परतताना गाडीत वाटत राहिलं की या उत्तरात आई कुठंच नाही, तू कुठंच नाहीस. म्हणून आज कागद पुढं ओढला आणि पहिल्यांदाच वर तुझं नाव घातलं.

जळकोटचं घर तुला सांगायला नको. पुढं तेलाचं दुकान, मागं दोन खोल्या, परसात गोठा आणि गोठ्याच्या कडेनं बाभळीच्या काट्यांची कुपाटी. शाळेत पहिला तास उर्दूचा, कारण राज्य निजामाचं. दुकानात येणारं गिऱ्हाईक निम्मं मराठी बोलणारं, निम्मं कानडी. तुझं माहेर आळंदकडचं, म्हणून तू रागावलीस की कानडीत रागवायचीस आणि राग ओसरला की मराठीत यायचीस. मला बघायला अक्कलकोटकडचं स्थळ आलं ते त्याच घरात. माझं वय काय होतं हे आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मला खणाचं नवं पोलकं घालून चटईवर बसवलं आहे. मुलाचे वडील, मुलाची आत्या, आणखी दोघं-तिघं समोर बसलेत. तू आत उप्पीट करते आहेस. तेवढ्यात परसातली कालवड दावं तोडून शेजाऱ्याच्या उभ्या जोंधळ्यात घुसते आणि अप्पा बसल्या जागेवरून ओरडतात, "अरे, कुणीतरी वळवा तिला." घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मी उठले, परकराचा ओचा धरला आणि मागच्या दारानं धावत जाऊन कुपाटीवरून पलीकडं गेले. वळसा घालून फाटकातून जायचं सुचलंच नाही. मला ते कधीच सुचत नसे. कालवड घेऊन परत आले तेव्हा सगळे पाहुणे मागच्या दारात उभे होते.

आत्याबाई वाईट नव्हत्या. निघताना त्या तुला एवढंच म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय, बाई. पण आमच्या घराला कुपाटी न्हाय, उंबरा हाय. हिला उंबरा पुरायचा न्हाय." पाहुणे गेले आणि तू मला आत बोलावून एक थप्पड लगावलीस. तुझ्या हाताला पीठ होतं, ते माझ्या गालावर उमटलं. मी रडले नाही, नुसती बघत राहिले. मग तूच पदरानं माझा गाल पुसलास आणि म्हणालीस, "साकु." कानडीत, पुरे. मग मराठीत, "उडी मारायची तर कुणी बघंना तिथं मार." अव्वा, पुढं किती शिक्षकांनी, किती प्रशिक्षकांनी मला काय काय सांगितलं. पण त्या वयात मला एक गोष्ट लख्ख कळली, की तू मारू नको असं म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून मी ओढ्याकडच्या रानात जायला लागले. तिथल्या कुपाट्या जास्त उंच होत्या. परकराला काट्यांनी पडलेल्या फाटी तुला दिसत होत्या. तू त्या शिवायचीस आणि कुठं फाटलं हे विचारायची नाहीस.

मग ते वाईट वर्ष आलं. चावडीवर तिरंगा लावला म्हणून अप्पांना पकडून नेलं. कुठल्या तुरुंगात आहेत हेसुद्धा आपल्याला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर पुरुष माणसं समोर असताना तू कधी पुढच्या खोलीत आली नव्हतीस. अप्पांना नेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तू पदर कपाळापर्यंत ओढून दुकानात त्यांच्या जागेवर जाऊन बसलीस. कानडी गिऱ्हाइकाशी कानडी, मराठीशी मराठी आणि पोलिसी गणवेशातल्या माणसाशी दक्खनी. ती भाषा तुला येते हेच मला माहीत नव्हतं. हळूहळू रस्त्यावर हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. जवळच्या गावांतली घरं जळाल्याच्या बातम्या आल्या. लोक हद्द ओलांडून सोलापूरकडं निघाले होते. पण सामान घेऊन निघालेल्या गाड्या नाक्यावर अडवत होते, परत पाठवत होते, आणि परत पाठवलेल्यांचं पुढं काय झालं ते कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं. चुलते म्हणाले, चालत, आडवाटेनं जाऊ. तू म्हणालीस, "लेकरं घिऊन आडवाटेनं कुठं जायाचं? उजेडात जाऊ. लग्नाला चाललो म्हनून सांगू."

तो दिवस माझ्या अजून अंगावर आहे. तू बैलांची शिंगं रंगवायला लावलीस. करंज्या आणि लाडू केलेस, त्यांच्या दुरड्या वर मांडल्यास आणि खाली कपडे, भांडी आणि देव. चुलत्यांना फेटा बांधायला लावलास. मग मला समोर बसवून हळद लावलीस, मुंडावळ्या बांधल्यास. मी विचारलं, "अव्वा, खरंच लग्न?" तर तू मुंडावळीची गाठ घट्ट करत म्हणालीस, "गप बस. नवरीनं बोलायचं नसतं." भर दुपारी आपण करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर पोचलो. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला चौकी. तिथला कारकून बाहेर आला. वयस्कर होता, मेंदी लावलेली दाढी. "शादी किधर कू?" त्यानं विचारलं. "सोलापूरकडं, बाबा," तू म्हणालीस. "दुल्हन कौन?" तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "ही. माझी लेक." तो माझ्याकडं बघत राहिला. माझे गुडघे खरचटलेले, पायांत काही नाही. "इत्ती छोटी?" त्यानं पुढं होऊन लाडवांच्या दुरडीवरचं फडकं उचललं, दुरडी जरा सरकवली, खालची पितळी भांडी बघितली. मग फडकं होतं तसं नीट पसरलं आणि म्हणाला, "जल्दी निकलो माँ. शाम कू ये रस्ता अच्छा नइं." बांबू वर गेला. बरंच पुढं आल्यावर तू दुरडीतून एक लाडू काढून मला द्यायला गेलीस आणि तो तुझ्या हातातच फुटला.

सोलापुरात एका बोळात आपल्याला एक खोली मिळाली. तू शेजारपाजारच्या घरांना कडक भाकऱ्या करून द्यायला लागलीस आणि आम्हा दोघा भावंडांना शाळेत घातलंस. त्या शाळेच्या मैदानावर मी पहिल्यांदा ते बघितलं. दोन खांब, त्यांवर आडवी काठी, पलीकडं वाळू, आणि मुली एकामागून एक धावत येऊन त्यावरून जात होत्या. माझ्यासाठी ती कुपाटीच होती, फक्त काटे काढून टाकलेली. मी रांगेत उभी राहिले, माझी पाळी आली तशी परकर धरून गेले. बाईंनी काठी वर केली. पुन्हा गेले. काठी वर जात राहिली आणि रांग लहान होत गेली, शेवटी रांगेत मी एकटीच राहिले. बाई म्हणाल्या, हा खेळ आहे, याच्या स्पर्धा असतात, लांबलांबच्या देशांतसुद्धा असतात. मी धावत घरी येऊन तुला सांगितलं. तू तव्यावरची भाकरी उलटत विचारलंस, "उडी मारून पलीकडं काय घ्यायचं असतं?" मी म्हटलं, "काही नाही. वाळू असते." "मग मारायची कशाला?" आपण दोघी एकमेकींकडं बघत राहिलो आणि मग तू हसायला लागलीस. जळकोट सोडल्यापासून तू हसलेली मी पाहिली नव्हती. त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढं विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि तरी तुला पटेल असं एखादं वाक्य मला आजही सांगता यायचं नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आपण परत निघालो. तो नाका ओस पडला होता. तू गाडी थांबवायला लावलीस, खाली उतरलीस आणि चौकीत डोकावून आलीस. आत कुणी नव्हतं. जवळच्या वस्तीवर त्या म्हाताऱ्या कारकुनाची चौकशी केलीस, पण कुणाला काही सांगता आलं नाही. भ्यायची पाळी आता त्याच्यासारख्यांच्या घरांवर आली होती. गाडीत बसताना तू म्हणालीस, "त्यालाबी कुनीतरी वाट सोडली असंल." जळकोटला पोचलो. घराची दारं गेली होती, तेलाचे डबे गेले होते. पंधरवड्यात अप्पा आले, हाडं राहिलेले, दाढी पांढरी झालेले. ते कुपाटीपाशी उभे राहून तुला म्हणाले, "कुपाटी तेवढी राहिली." तू म्हणालीस, "ती कोन नेनार? काटं हाईत."

मला पुढं शिकायचं होतं म्हणून धाराशिवला पाठवलं. तिथं नात्यातल्या एका म्हाताऱ्या आजींच्या घरी राहून मी शाळेत जात होते. नव्या राज्यात मुलींच्या शाळेला खेळाच्या बाई मिळाल्या होत्या, हैदराबादहून आलेल्या. पातळाखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या. त्यांनी मला पहिल्यांदा शास्त्रशुद्ध धावायला शिकवलं, कुठल्या पायावर उडी घ्यायची ते शिकवलं आणि परकर सोडून गुडघ्यापर्यंतची चड्डी घालायला लावली. ते चुलत्यांच्या कानावर गेलं. पोरगी तोकड्या कपड्यांत उड्या मारते आणि बाप्ये भिंतीला टेकून बघतात, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. अप्पा चळवळीतले खरे, पण गावात राहायचं होतं. त्यांनी तुला मोटारीत बसवून दिलं आणि सांगितलं, पोरीला घेऊन ये, आता स्थळं बघू.

तू मैदानावर आलीस ती वेळ संध्याकाळची. मला दिसलीस तेव्हा मी धाव घेतलेली होती, थांबता आलं नाही. काठीवरून गेले खरी, पण लक्ष तुझ्याकडं, आणि पलीकडं वाळू ती कसली, मुरमावर टाकलेला एक थर. मी खांद्यावर आपटले. उठले तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सालपट निघालं होतं. बाई धावत आल्या, तुला बघून गडबडल्या, उडीबद्दल, माझ्या गुणांबद्दल भराभर सांगायला लागल्या. तू त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. माझा हात धरून उलटसुलट केलास. "लागलं का?" मी म्हटलं, नाही. मग तू वाकलीस, त्या वाळूत हात घातलास. बोटं लगेच मुरमाला टेकली. उभी राहून बाईंना म्हणालीस, "ही रोज हितंच पडती?" बाईंनी मान खाली घातली. शाळेकडं आणखी वाळूसाठी अर्ज केलाय, म्हणाल्या. तू हात झाडलेस आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसलीस. मला वाटलं, आता चल म्हणशील. तू लांबूनच हनुवटी उचलून म्हणालीस, "जिगी." कानडीत, उडी मार. भिंतीला टेकलेले ते बाप्ये तुझ्याकडं बघत होते, तू त्यांच्याकडं एकदा बघितलंस, तसे ते एकेक करून निघून गेले.

मला न घेताच तू जळकोटला परत गेलीस. पुढं काय झालं ते मी सुट्टीत घरी आले तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी परसात भांडी घासत होते, आत जेवणं चालली होती. चुलते म्हणत होते, किती दिवस थांबायचं, पोरीचं वय चाललं. अप्पा जेवत होते. तू ताटात भाकरी वाढलीस आणि शांतपणे म्हणालीस, "तुमी तुरुंगात व्हता तवा हिला हळद लावली म्या, मुंडावळ्या बांधल्या, नवरी करून हद्दीपार नेली. नाक्यावर ती रडली न्हाय, बोलली न्हाय. एकदा नवरी करून झाली. आता मला घाई न्हाय." मग अप्पांचा आवाज आला, "चटणी दे थोडी." तिथं तो विषय संपला, अव्वा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय चटणी मागताना झाला, आणि मी हातात राखेचा चोथा घेऊन बाहेर उभी होते.

सुट्टी संपवून मी धाराशिवला गेले आणि काही दिवसांनी तू पुन्हा आलीस, मोटारीच्या टपावर पोती घेऊन. दुकानातली रिकामी पोती, आत जोंधळ्याचं भुस्कट ठासून भरलेलं, तोंडं शिवलेली. आणि एक भली मोठी वाकळ, तुझी, चुलतीची, शेजारणींची जुनी लुगडी एकावर एक घालून टाचलेली. मैदानावर पोती शेजारी शेजारी मांडून वर ती वाकळ पसरलीस, तिच्यावर स्वतः बसून बघितलंस, हातानं दाबून बघितलंस. बाई म्हणाल्या, "ताई, हिच्यासाठी एवढं केलंत." तू म्हणालीस, "हिच्यासाठी न्हाय. बाकीच्या लेकीबी पडत्यातच की." त्या दिवसापासून आमच्या उड्याच बदलल्या. आधी आम्ही पाय कसे टेकतील या चिंतेत उडी आखडती घ्यायचो. आता मुली अंग सैल सोडायला लागल्या. पावसाळ्यात भुस्कट कुजायचं, मग सगळ्या मिळून पोती उसवायचो, नवं भरायचो.

पुढचं सगळं तू पत्रांतून ऐकलेलं आहेस, अप्पांच्या आवाजात. हैदराबादच्या स्पर्धा, मग देशपातळीवरच्या, मग शिबिर. शिबिरात उत्तरेकडच्या मुली होत्या आणि इतर दक्षिणी मुलींना त्यांचं बोलणं कळत नव्हतं. मला कळायचं, निजामाच्या शाळेतल्या त्या पहिल्या तासामुळं. त्या मुली माझ्या मैत्रिणी झाल्या. मग संघ जाहीर झाला आणि परदेशी जायचं ठरलं. निरोप द्यायला तू जळकोटच्या रस्त्यावर उभी होतीस. विमानानं जायचंय म्हटल्यावर तू जरा विचार करून विचारलंस, "ते पडलं तर?" अप्पा हसले. मी म्हटलं, "पडत नाही अव्वा." तू म्हणालीस, "उडतंय म्हंजी कवातरी उतरतंयच. नीट उतरव म्हनावं." मी पदक आणलं नाही. पण त्या मैदानावर मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात उंच उडी मारली आणि आपल्या देशाच्या मुलींत तेव्हा तेवढी उंच कुणी गेली नव्हती. परत आले तेव्हा गावानं हार घातले, चावडीवर भाषणं झाली, अप्पांच्या डोळ्यांत पाणी. तू मला आत नेलंस, दार लोटून घेतलंस, दोन्ही कोपरं बघितलीस, गुडघे दाबून बघितलेस आणि विचारलंस, "लागलं का?" मी किती उंच गेले हे तू मला कधीच विचारलं नाहीस. त्या वयात मला त्याचं थोडं वाईटही वाटायचं.

गुडघा गेला तो पुढं दोन हंगामांनी, सरावातच, दुसऱ्याच एका गावच्या मैदानावर, कडक जमिनीवर. डॉक्टरांनी सांगितलं, उडी संपली. मी जळकोटला येऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तू भाकरी आणून ठेवायचीस, न बोलता ताट परत न्यायचीस. एके सकाळी ताट उचलायला आलीस आणि उचललं नाहीस. तिथंच बसलीस. "गुडगा गेला. डोस्कं हाय न्हवं?" मी चिडून म्हटलं, डोक्यानं उडी मारता येत नाही. "मारू नको. बाकीच्या पोरी कशा पडत्यात ते बघ. तुला ठावं हाय, त्यास्नी न्हाय." एवढं बोलून ताट घेऊन गेलीस. मी तेव्हा काही ठरवलं नाही. रागातच होते. पण शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात अर्ज केला तेव्हा आणि पुढं विद्यापीठात संशोधनाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हाही मनात तेच होतं. सगळे जण उडीवर लिहीत होते. धाव किती, कोन किती, कुठला पाय. मी मार्गदर्शकांना म्हटलं, मला पडण्यावर काम करायचंय. उडी मारणाऱ्या मुली जमिनीवर येतात त्या क्षणाला त्यांच्या सांध्यांचं काय होतं यावर. ते चष्मा काढून म्हणाले, "अहो, तुम्ही देशाकडून उडी मारलेली बाई. आणि प्रबंध पडण्यावर?" मी म्हटलं, हो सर.

त्या कामासाठी मी गावोगावच्या शाळांत फिरले. नळदुर्गात, तुळजापुरात, पार लातूरकडं. मैदानावर आधी जाऊन वाकायचं, वाळूत हात घालायचा, बोटं कुठं टेकतात बघायचं. मग मुलींशी बोलायचं. त्या आधी काही सांगायच्या नाहीत. पदकं सांगायच्या, उंची सांगायच्या. मग मी विचारायची, लागलं का? त्याबरोबर त्या बाह्या वर करायच्या, पायजमे वर ओढायच्या, एकेक दाखवायच्या. प्रबंध पुरा व्हायच्या आतच तू गेलीस. आजारी अशी पडली नाहीसच. मी आदल्या रविवारी आले होते, तू मला शेंगा भाजून दिल्या होत्यास आणि विचारलं होतंस, तुझं ते लिहिणं कुठवर आलं. मी म्हटलं, शेवटच्या प्रकरणात आहे. "निधान," तू म्हणालीस. कानडीत, सावकाश. पदवी मिळाली, मी शिकवायला लागले, विभागप्रमुख झाले, माझ्या हाताखाली कितीतरी मुलामुलींनी संशोधन केलं. आपल्या भागातल्या शाळांना वाळूऐवजी गाद्या मिळाव्यात म्हणून कितीतरी वर्षं मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. त्या मिळाल्या, अव्वा. सगळीकडं नाही, पण मिळाल्या.

काल मैदानावर बसून हेच बघत होते. आता मुली आमच्यासारखी उडी मारत नाहीत. वळण घेत धावत येतात, शेवटच्या पावलाला काठीकडं पाठ करतात आणि पाठीवरून जातात, तोंड आभाळाकडं. खाली जाडजूड मऊ गादी. माझ्या वेळी अशी उडी कुणी मारली असती तर मान मोडली असती, म्हणून ती कुणाला सुचलीच नाही. वर्गात मी हे नेहमी सांगायची, की खाली मऊ पसरलेलं असलं की माणसाला नवी उडी सुचते. काल एक मुलगी होती, जळकोटच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, सावळी, हडकुळी. तिची आई कडेला उभी होती, साडी खोचलेली, रानातून थेट आलेली. मुलगी गादीवर पडली की आई दर वेळी एक पाऊल पुढं यायची आणि ती उठून उभी राहिली की मागं जायची. ती मुलगी पहिली आली. पुढं कुठवर जाईल कोण जाणे, मला वाटतं, लांब जाईल. आम्हां दोघींची ओळख करून दिली तेव्हा ती आई मला म्हणाली, "बाई, ही घरात टिकतच न्हाय बघा." मी म्हटलं, नका टिकवू.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. माझ्या प्रत्येक सत्कारात कुणीतरी विचारतं की परदेशातल्या त्या मैदानावर, त्या शेवटच्या उडीआधी तुमच्या मनात काय होतं. मी म्हणते, आई-वडील होते, गाव होतं, देश होता. लोकांना ते आवडतं, टाळ्या पडतात. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात कुणी नव्हतं. तू नव्हतीस, अप्पा नव्हते, नाका नव्हता, कुणाला काय वाटेल हेसुद्धा नव्हतं. ऊन कोवळं होतं, गवताचा वास येत होता, पाय हलके होते आणि मला फक्त फार बरं वाटत होतं. एवढं बरं वाटायला कुणाची परवानगी लागते का, असासुद्धा विचार आला नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ऐकून दुसऱ्या कुणालाही वाईट वाटलं असतं, अव्वा. तुला वाटलं नसतं.